पाळी लांबली तर
नागपूरच्या प्रताप नगरातल्या आईबाबांनो, 15 वर्षं पूर्ण होऊनही मुलीला पाळी आली नसेल, किंवा 13 व्या वर्षापर्यंत छातीची वाढच सुरू झाली नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. पाळी नाही, पण दर महिन्याला ओटीपोट दुखतंय, असं असेल तर वय मोजत बसूच नका. योनिमार्ग बंद असल्याने रक्त आत साचत असू शकतं.

अनेकदा आईची, मावशीची पाळीही उशिराच आलेली असते, ते आठवून सांगा. आपल्या विदर्भात सिकलसेल बराच आढळतो, आणि त्या आजारात वयात येणं लांबतं. कुपोषण, थायरॉईड हीही कारणं असतात.

मेडिकल किंवा मेयो रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात जा. उंची-वजन, रक्ततपासणी, सोनोग्राफी. गरज पडली तर गुणसूत्रं तपासतात. सोनोग्राफी पोटावरूनच होते, हे मुलीला आधी सांगा. तिची भीती निम्मी होते.

आणि ‘हिचं लग्न कसं होणार’ हा विषय तिच्यासमोर नकोच नको! डॉक्टरांशी तिला थोडा वेळ एकटीला बोलू द्या. टर्नर सिंड्रोमसारखं, गुणसूत्रांतल्या दोषाचं निदान निघालं, तरी हार्मोनच्या उपचारांनी शरीराची वाढ होते, हाडंही बळकट राहतात.