पटकीच्या जंतूची नांगी



पटकी हें नांव पंढरीच्या वाटेवरील गांवांना एके काळीं नको तितकें परिचित होतें. त्या पटकीच्या जंतूकडूनच आपल्या रक्षणाचें काम करून घेण्याची जी खटपट शास्त्रज्ञांनीं चालविली, तिच्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

ही खटपट जुनी आहे. ज्यांच्या नांवाची संस्था मुंबईंत परळला आहे, त्या डॉ. हाफकिन यांनीं १८९२ सालीं पॅरिस येथें पटकीची लस सिद्ध करून ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. जंतु वाढवितांना त्यांना ऊब व वारा देऊन त्यांनीं ते दुबळे केले होते. परंतु दुबळा झाला म्हणजे जंतूच्या आंत नेमकें काय बिघडलें, हें त्या काळीं कोणासच सांगतां येत नव्हतें. कुलूप लागलें आहे खरें, पण किल्ली कोठें आहे ती ठाऊक नाहीं, अशी ती स्थिति होती.

किल्लीचा माग कलकत्त्यास लागला. डॉ. शंभुनाथ डे यांनीं १९५९ सालीं दाखवून दिलें कीं, जंतु गाळून काढल्यावर उरलेला नुसता द्रवही सशाच्या आंतड्यांत पाणी सुटण्यास पुरेसा होतो. म्हणजे घात होतो तो जंतूनें सोडलेल्या विषानें. या विषाचे दोन भाग असतात. एक आंतड्याच्या पेशीला चिकटतो. दुसरा आंत शिरून तिच्यांतील क्षार व पाणी बाहेर वाहवितो. पहिल्यास गाडीवान म्हणा, दुसऱ्यास गाडींतून उतरणारा दरोडेखोर. दोघांना घडविण्याची आज्ञा जंतूच्या निरनिराळ्या जनुकांत असते.

अमेरिकेंत बाल्टिमोर येथील शास्त्रज्ञांनीं १९८० नंतरच्या दशकांत दरोडेखोराच्या जनुकावर कात्री चालविली. गाडीवान राहूं दिला. कारण त्याची ओळख पटली म्हणजे शरीर पुढें खऱ्या विषालाही अडवूं शकतें. गंमत अशी कीं, असें निर्विष केलेले पहिले जंतु घेऊनही कांहीं स्वयंसेवकांना जुलाब झालेच! आंतड्यांत बिऱ्हाड करणारा जिवंत जंतु विषावांचूनही थोडा उपद्रव देतो, हें तेव्हां कळलें. अखेर ५६९-बी नांवाच्या निराळ्या वाणांतून हें जनुक सुमारें ९४ टक्के कापून केलेली लस लोकांना सोसवली. तिच्या जंतूंत पाऱ्याला दाद न देणारें एक जनुक मुद्दाम घातलें आहे, तें रोगाच्या जंतूपासून त्याला वेगळें ओळखतां यावें म्हणून.

आपण विचाराल, कापलेलें परत आलें तर? शंका रास्त आहे. १९९६ सालीं उघडकीस आलें कीं, विषाचीं हीं जनुकें जंतूंवर जगणारा एक विषाणु एका जंतूकडून दुसऱ्याकडे नेतो. तेव्हां कात्री चालविली म्हणजे काम संपलें, असें मानणें मला धोक्याचें वाटतें. परतीच्या वाटाही तपासून पाहाव्या लागतात.

आणि अधिक अवघड गोष्ट पुढेंच आहे. जाकार्ता शहरांत १९९३ सालीं सुरू झालेल्या परीक्षेंत सदुसष्ट हजारांहून अधिक लोकांनीं भाग घेतला. तेथील मुलांना अमेरिकेंतल्या मात्रेच्या दहापट मात्रा लागते असें आधींच दिसल्यामुळें ती वाढविलीही होती. तरी चार वर्षांत संरक्षण सुमारें १४ टक्केच भरलें. उलट अमेरिकेंत स्वयंसेवकांना लस देऊन मग खरे जंतु पाजले, तेव्हां एकाच मात्रेनें मध्यम व तीव्र जुलाबांपासून दहा दिवसांनीं ९० टक्के, आणि तीन महिन्यांनीं ८० टक्के बचाव झाला. तेवढ्यावर २०१६ सालीं अमेरिकेंत तिला प्रवाशांसाठीं परवाना मिळाला. जाकार्तांत त्या काळांत पटकीचा जोरच कमी होता, हें एक कारण सांगतात. गरीब वस्त्यांतील मुलांच्या आंतड्यांत जंतूंची इतकी दाटी असते कीं नव्या पाहुण्यास पाय टेकावयास जागा मिळत नाहीं, असाही एक तर्क आहे. जेथें पटकीची सांथ खरोखर येते, तेथें आज मुख्यतः वापरली जाते ती मारलेल्या जंतूंची, तोंडानें घ्यावयाची लस.