उपकारस्तुतीचा सण आणि घरचा जमाखर्च

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यांत केलेलें भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगीं आमच्याकडे जो विषय सोंपविण्यांत आला आहे, तो दिसावयास लहान, पण प्रत्येक घराच्या उंबरठ्याशीं येऊन भिडणारा आहे. सण आनंदानें, सर्व कुटुंबासह, आणि तरीही ऐपतीच्या आंत राहून कसा साजरा करावा, हा तो विषय होय. कोणी म्हणेल, देवळाच्या महोत्सवांत पैशाअडक्याची चर्चा कशाला? परंतु ज्या घरीं नाताळ संपतांच देणेकऱ्याचा तगादा सुरू होतो, त्या घरीं नाताळची शांति किती दिवस टिकते, हें आपण सर्वजण जाणतों. म्हणून ह्या चर्चेला देवळाच्या अंगणांतच जागा आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम सणाचें मूळ पाहूं. परमेश्वरानें जें दिलें त्याबद्दल त्याचे उपकार मानणें, हें आपल्या सणांचें बीज आहे. मिस्साबलीस ‘युखरिस्त’ हें जें ग्रीक भाषेंतून आलेलें नांव आहे, त्याचा अर्थच मुळीं उपकारस्तुति असा आहे. आपल्यापैकीं कित्येकांचीं मुलेंबाळें आज अमेरिकेंत राहतात. तेथें नोव्हेंबर महिन्याच्या चौथ्या गुरुवारीं ‘थँक्सगिव्हिंग’ नांवाचा सण पाळतात, व सारें कुटुंब एका मेजाभोंवतीं बसतें. ह्या सणाची कथा आपणांस बोधप्रद आहे. १६२० सालीं ‘मेफ्लॉवर’ जहाजांतून शंभराहून थोडे अधिक इंग्रज प्रवासी त्या किनाऱ्यास लागले. पहिल्याच हिंवाळ्यांत त्यांपैकीं जवळजवळ निम्मे मरण पावले. जे उरले त्यांनीं १६२१ च्या शरद ऋतूंत पीक हातीं आल्यावर तीन दिवस मेजवानी केली. तेथील मूळच्या वांपानोआग लोकांचा नायक मॅसासॉइट सुमारें नव्वद माणसें घेऊन तींत सामील झाला, आणि त्यांनीं पांच हरणें मारून आणलीं. पुढें ह्या दोन समाजांत युद्ध होऊन मूळच्या लोकांचा फार संहार झाला, हेंही विसरतां येत नाहीं. पण ती मेजवानी मात्र अशी होती, कीं आलेला पाहुणा रिकाम्या हातीं आला नाहीं, आणि यजमानानेंही आपली गरिबी लपविली नाहीं. अब्राहम लिंकन यांनीं ह्या सणाचा राष्ट्रीय दिवस जाहीर केला तो १८६३ सालीं, म्हणजे यादवी युद्धाच्या ऐन धामधुमींत. आणि चौथा गुरुवार कायद्यानें ठरला तो १९४१ सालीं.

ह्याहूनही जुनी एक कॅथलिक आठवण फ्लोरिडांतील सेंट ऑगस्टीन ह्या गांवची आहे. ८ सप्टेंबर १५६५ रोजीं, पवित्र मरियामातेच्या जन्मदिनीं, स्पॅनिश लोक तेथें उतरले. त्यांच्या धर्मगुरूनें उपकारस्तुतीचा मिस्सा केला आणि त्यानंतर तेथील मूळ रहिवाशांसह सर्वजण एकत्र जेवले. त्याच सणाच्या दिवशीं आज मंगळूरकडील ख्रिस्ती कुटुंबें देवळांतून आशीर्वादित केलेलीं नवीं कणसें घरीं नेतात, त्यांचे दाणे सर्वांस वांटतात, आणि मांसमासळीवांचून केवळ भाजीपाल्याचें जेवण करतात. परगांवीं असलेल्या मुलांस ते दाणे टपालानें पाठविण्याचीही चाल आहे. आपल्या साष्टींतील जुन्या ख्रिस्ती गांवांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारीं ‘आगेरा’ होतो. भाताच्या लोंब्या वाजतगाजत देवळांत येतात व धर्मगुरु त्यांस आशीर्वाद देतात. बंधुभगिनींनो, मूठभर नवे दाणे आणि घरचीं माणसें, एवढ्यावर हे सण उभे आहेत. त्यांत उधारीस जागा कोठें आहे?

आतां आपली नाताळची तयारी पाहा. शेजाऱ्याच्या घरावर रोषणाई झाली म्हणून आपल्या घरावर ती हवी. जावेनें मुलांस दोन दोन पोशाख घेतले म्हणून आपल्या मुलांस तीन हवेत. मद्याचा खर्च तर असा, कीं तो कोणी वहींत लिहीतच नाहीं, आणि बहुधा तोच सर्वांत मोठा ठरतो. हा सारा डामडौल पगारांतून भागत नाहीं, म्हणून कर्ज काढावयाचें. साधा हिशेब करूं. दरमहा शेंकडा दोन रुपये व्याजानें तीस हजार रुपये काढले, तर महिन्याचें व्याज सहाशें रुपये होतें. वर्षभर केवळ व्याजच भरीत राहिलें, तर पुढच्या नाताळापर्यंत सात हजार दोनशें रुपये गेलेले असतात आणि मुद्दल जागच्या जागीं उभें असतें. एका दिवसाच्या मिरवणुकीसाठीं वर्षभर मुलांच्या ताटांतून घांस काढणें, ह्यास उपकारस्तुति कसें म्हणावें?

पवित्र कुटुंबाकडे पाहा. बाळ येशूस घेऊन मरिया व योसेफ यरुशलेमच्या मंदिरांत गेले, तेव्हां नियमशास्त्राप्रमाणें एक कोंकरूं अर्पावयाचें असे. ज्यांची तेवढी ऐपत नसेल त्यांनीं पारव्यांची अथवा होल्यांची जोडी द्यावी, अशी सवलत होती. संत लूक आपणांस त्या जोडीचीच गोष्ट सांगतो. जगाच्या तारणाऱ्याच्या आईबापांनीं गरिबांचें अर्पण दिलें! कोंकरासाठीं त्यांनीं कर्ज काढलें नाहीं, आणि त्या अर्पणास कोणी कमी लेखिलें असेंही शुभवर्तमान म्हणत नाहीं. तसेंच १२२३ सालीं आसिसीच्या संत फ्रान्सिसानें ग्रेच्चो येथें नाताळचा जो देखावा केला, त्याचें साहित्य काय होतें? एक गव्हाण, थोडें गवत, एक बैल आणि एक गाढव. आज आपल्या गोठ्यांवर जो पैसा ओतला जातो, तो पाहून त्या दरिद्री संतास काय वाटेल, ह्याचा विचार आपल्या तरुणांनीं करावा.

मग करावें काय? आम्ही चार साध्या गोष्टी सुचवितों.

पहिली गोष्ट, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारीं रोझरी झाल्यावर नवराबायकोनें मोठ्या मुलांसह एकत्र बसावें आणि हातीं किती पैसा आहे तें कागदावर उघड लिहावें. त्यांतून प्रथम देवाचा व गरिबाचा वांटा बाजूस काढावा. पॅरिसमध्यें १८३३ सालीं फ्रेडरिक ओझानाम व त्यांचे सोबती यांनीं संत व्हिन्सेंट दि पॉल यांच्या नांवानें जी संस्था काढली, ती आजही गरिबांच्या घरोघरीं जाऊन त्यांची विचारपूस करते. तो वांटा तिच्याकडे द्यावा. त्यानंतर जानेवारींतल्या गरजा, म्हणजे शाळेचा खर्च आणि औषधपाणी, वेगळ्या ठेवाव्या. जें उरेल तोच सणाचा पैसा. घरांत काय आहे हें ज्या मुलांस ठाऊक असतें, तीं सहसा अवास्तव हट्ट धरीत नाहींत.

दुसरी गोष्ट, फराळ घरींच करावा. कुलकुल, नेवऱ्या, दोदोल ह्यांस लागतें काय? मैदा, रवा, नारळ, गूळ, साखर आणि तेल. खरी किंमत लागते ती हातांची, आणि तेंच तर सणाचें सुख आहे. आजीनें पीठ मळावें, मुलांनीं फणीच्या पाठीवर कुलकुल वळावे, पुरुषांनीं नारळ खवावे व कढईशीं उभें राहावें. सारा भार एकट्या गृहिणीवर टाकून वांचविलेला पैसा ही कांहीं काटकसर नव्हे.

तिसरी गोष्ट, मेजवानी वांटून करावी. चार भावांच्या चार घरीं चार मेजवान्या होण्याऐवजीं वडील भावाच्या घरीं एकच व्हावी. एकानें सोरपोतेल आणावें, दुसऱ्यानें फुग्या आणाव्या, तिसऱ्यानें केक आणावा. जिचा संसार ओढगस्तीचा असेल तिनें केळीचीं पानें आणलीं तरी तीं मानानें घ्यावीं. काना गांवच्या लग्नांत द्राक्षारस संपला हें मरियामातेनें ओळखलें. पण तिनें तें चारचौघांत बोलून दाखविलें नाहीं, हळूच आपल्या पुत्राच्या कानीं घातलें. नातेवाइकाचें उणें असेंच झांकावें. परदेशीं असलेल्या मुलांसही ‘नाताळास आलेंच पाहिजे’ असा आग्रह धरूं नये. ऐन सणांत प्रवासाचें भाडें जबर असतें. तीं ज्या महिन्यांत सवडीनें येतील, तोच आपला सण मानावा.

चौथी गोष्ट, पुढील नाताळची तयारी ह्या नाताळानंतरच सुरू करावी. जानेवारीपासून नोव्हेंबरपर्यंत दरमहा दीड हजार रुपये बाजूस ठेविले, तर साडेसोळा हजार रुपये हातीं येतात. ज्यास दीडशेंच जमतील त्यानें दीडशेंच ठेवावे. लहान सण बिनघोर, मोठा सण चिंतेचा. निवड आपली आहे.

‘लोक काय म्हणतील?’ हा प्रश्न कित्येकांच्या मनांत आला असेल. बंधुभगिनींनो, ते लोक म्हणजे आपणच आहोंत. ह्या देवळाच्या बांकांवर शेजारीं शेजारीं बसणारे आपण एकमेकांच्या रोषणाईची तुलना थांबवूं, तर ती भीति आपोआप मरेल. हें एका घराचें काम नव्हे. साऱ्या धर्मग्रामानें मिळून करावयाचें आहे. आणि श्रीमंतांनीं ह्यांत पुढाकार घ्यावा, कारण त्यांचा साधेपणा पाहून गरिबास आपल्या साधेपणाची लाज वाटेनाशी होते.

शेवटीं एकच निवेदन. लेवीयाच्या पुस्तकांत पन्नासावें वर्ष हें सुटकेचें वर्ष म्हणून सांगितलें आहे. त्या वर्षीं गरिबीमुळें विकलेली जमीन मूळ मालकास परत मिळावयाची, आणि गुलामगिरींत पडलेल्यानें आपल्या कुटुंबांत परत जावयाचें. आपल्या धर्मग्रामाचेंही आज पन्नासावें वर्ष आहे. ह्या वर्षाच्या नाताळांत ह्या धर्मग्रामांतील एकाही घरानें सणाचें कर्ज नव्या वर्षांत नेलें नाहीं, आणि एकही घर त्या रात्रीं एकटें जेवलें नाहीं, तर आपला महोत्सव खऱ्या अर्थानें सुवर्णाचा झाला असें आम्ही मानूं. पवित्र कुटुंबाचा आशीर्वाद आपणां सर्वांच्या घरांवर राहो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.