हातांतली चावडी

सन २०२० च्या जून महिन्यांत बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार सरोवराचें पाणी गुलाबी झालें. करोनाच्या सांथीमुळें लोक घरांत अडकलेले. तरी तें दृश्य व्हॉट्सअॅप-फेसबुकवरून घरोघर पोहोंचलें. मागोमाग तर्ककुतर्कही आले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें पाणी तपासून, खाऱ्या पाण्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळें हा रंग आल्याचें सांगितलें. पण कंडीचे पाय शास्त्राहून चपळ!

श्रोतेहो, जुन्या चावडीवरही बातमी आणि कंडी अशाच शेजारीं बसत. मात्र रात्र पडली कीं चावडी उठे. ही हातांतली चावडी उठतच नाहीं. खामगांव-मेहकरकडील शेतकऱ्यास सोयाबीनचा भाव तिजवर कळतो, पुण्यास नोकरीला गेलेल्या मुलाचें तोंड तिजवर दिसतें; म्हणून ती टाकवतही नाहीं. आणि भाव पाहण्यास घेतलेला फोन तासाभरानें खालीं ठेवतांना भाव काय होता, हेंच आठवत नाहीं.

सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचें वडगांव या गांवानें यावर एक तोड काढली. टाळेबंदींत शिक्षणासाठीं मुलांच्या हातीं दिलेले फोन शाळा उघडल्यावरही सुटेनात. तेव्हां १५ ऑगस्ट २०२२ पासून सायंकाळीं ७ वाजतां भोंगा होऊं लागला, आणि घरोघर मोबाईल व टीव्ही बंद होऊं लागले. हा नियम मुलांपुरता नव्हता, वडीलधाऱ्यांसही होता. खरें मर्म येथेंच आहे. दीड तासानें काय होणार, असें कुणी हिणवील. त्या दीड तासांत मुलें पुस्तकें घेऊन बसलीं, मोठीं माणसें एकमेकांशीं बोललीं. साडेआठाला दुसरा भोंगा होई. पुढें ज्याचें त्यानें पाहावें.