छोट्या विमानांची मोठी शाळा

(पनवेल येथील शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा पाठ)

पनवेल हे फार जुने वाटेवरचे गाव. एकेकाळी खाडीतून गलबते येथे येत. पुढे मुंबई-पुणे रस्ता आला, लोहमार्गाचे जंक्शन झाले, द्रुतगती मार्ग झाला. आता या गावाच्या वाटेत आकाशाचीही भर पडली आहे. दि. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. सुमारे १,१६० हेक्टर क्षेत्र, ३,७०० मीटर लांबीची धावपट्टी आणि पहिल्या टप्प्यातच वर्षाला दोन कोटी प्रवाशांची क्षमता, असा हा प्रचंड प्रकल्प आहे. त्यासाठी उलव्याची टेकडी उतरवावी लागली, नदीचे पात्र वळवावे लागले आणि दहा गावांतील कुटुंबांनी आपली घरे सोडली.

ज्या मुलांच्या आजोबांनी या भूमीवर भातशेती केली, ती मुले आज शाळेच्या पटांगणात उभी राहून डोक्यावरून जाणारे विमान पाहतात. त्यांच्यापैकी कित्येकांना विमानतळावर या ना त्या प्रकारचे काम मिळेल, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु त्यातील एखादा मुलगा किंवा मुलगी त्या विमानाच्या सुकाणूशी बसेल काय, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे. या प्रश्नाचे उत्तर मोठ्या विमानतळावर सापडत नाही. वैमानिकाच्या आसनाकडे जाणारी वाट दोन किंवा चार आसनांच्या, एका इंजिनाच्या, तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या छोट्या विमानापासून सुरू होते. त्या छोट्या विमानाविषयी आज विचार करावयाचा आहे.

जुहूचा वारसा

या विषयाचा इतिहास पनवेलहून सरळ रेषेत तीस-बत्तीस किलोमीटरवर असलेल्या जुहू येथे घडला. १९२८ साली बॉम्बे फ्लाइंग क्लबची स्थापना झाली. समुद्रकाठच्या मोकळ्या मैदानावर डी हॅविलँड कंपनीची ‘मॉथ’ जातीची हलकी विमाने उडू लागली. सभासदाने तासाचे शुल्क भरावे, शिक्षकाबरोबर उड्डाण करावे व तयारी झाल्यावर एकट्याने विमान न्यावे, अशी व्यवस्था होती. त्या क्लबमध्ये शिकलेल्या एका चोवीस वर्षांच्या तरुणास दि. १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात देण्यात आलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. तो तरुण म्हणजे जे. आर. डी. टाटा. अशा परवान्यांचा मान केवळ पुरुषांपुरता राहिला नाही. १९३२ साली ऊर्मिला पारीख या भारतातील पहिल्या परवानाधारक महिला वैमानिक ठरल्या.

उड्डाण ही टाटांची हौस होती. इंग्लंड व भारत यांच्यामधील प्रवास एकट्याने विमान चालवून प्रथम पूर्ण करणाऱ्या भारतीयास आगाखान यांनी ५०० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले, तेव्हा १९३० साली टाटा कराचीहून निघाले. त्याच स्पर्धेत अस्पी इंजिनीअर हा किशोरवयीन वैमानिक इंग्लंडहून भारताकडे येत होता. इजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पीचे विमान स्पार्क प्लगअभावी अडून पडले होते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला देऊन टाकले. पुढे पारितोषिक अस्पीने जिंकले. हाच तरुण नंतर भारतीय वायुदलाचा प्रमुख झाला. प्रतिस्पर्ध्याला वाटेत अडकलेला पाहून आपली वाट धरावी, हे वैमानिकाच्या धर्मात बसत नाही. छोट्या विमानांच्या शाळेतील हा पहिला धडा म्हणावा लागेल.

हौसेतूनच पुढे सेवा जन्मास आली. दि. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांनी ‘पस मॉथ’ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले. तेथून नेव्हिल विन्सेंट यांनी ते मद्रासकडे नेले. पावसाळ्यात जुहूच्या मैदानावर चिखल होई, तेव्हा टपालविमानांचा मुक्काम पुण्याला हलवावा लागे. देशाच्या हवाई वाहतुकीचा पाया अशा मातीच्या मैदानावर घातला गेला. १९८२ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, टाटांनी तोच प्रवास एका जुन्या छोट्या विमानातून पुन्हा केला.

स्वातंत्र्यानंतर फ्लाइंग क्लबांसाठी देशातच विमाने तयार व्हावीत, असा प्रयत्न झाला. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या ‘पुष्पक’ या दोन आसनी विमानाने १९५८ साली पहिले उड्डाण केले आणि अनेक क्लबांतून विद्यार्थ्यांच्या एका पिढीने त्यावर हात बसविला. पुढे बंगलोरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने ‘हंसा’ हे विमान तयार केले. त्याचे पहिले उड्डाण १९९३ साली झाले.

चाळीस तासांची शिस्त

खासगी वैमानिकाचा परवाना ही श्रीमंतांची चैन आहे, असा सर्वसाधारण समज आहे. उड्डाणाचा तास स्वस्त नाही, हे खरेच. इंधन, इंजिनाची नियतकालिक तपासणी, विमा आणि शिक्षकाचे मानधन, हे सर्व त्या तासाच्या भाड्यात येते. या विमानांना लागणारे विशेष पेट्रोल दीर्घकाळ परदेशातून आणावे लागे. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने ते देशात तयार करून बाजारात आणले. परंतु परवाना केवळ पैशाने मिळत नाही.

उमेदवाराचे वय किमान सतरा वर्षे व शिक्षण किमान दहावीपर्यंत असावे लागते. वैद्यकीय तपासणी होते. विमानविषयक नियम, दिशादर्शन, हवामानशास्त्र, विमान व इंजिन यांची परीक्षा द्यावी लागते. एकूण किमान चाळीस तासांचे उड्डाण करावे लागते आणि त्यात एकट्याने दूरच्या विमानतळावर जाऊन परतण्याचाही समावेश असतो. खासगी परवानाधारकास प्रवाशांकडून मोबदला घेऊन उड्डाण करता येत नाही. ज्याला हा व्यवसाय करावयाचा असेल, त्याला बारावीत भौतिकशास्त्र व गणित हे विषय घेऊन पुढे दोनशे तासांच्या उड्डाणाची मजल गाठावी लागते.

भाड्याचे विमान हाती आले म्हणजे लगेच उड्डाण होते, असेही नाही. वैमानिक प्रथम विमानाभोवती पायी फेरी मारतो. पंखांचे सांधे, सुकाणूच्या पट्ट्या व चाके तपासतो, तेलाची पातळी पाहतो. टाकीच्या तळातून थोडे इंधन पारदर्शक पेल्यात काढून त्यात पाणी उतरले आहे काय, हे प्रकाशात धरून पाहतो. कोकणाच्या दमट हवेत या सवयीचे महत्त्व सांगण्याची आवश्यकता नाही. कालच या विमानाने कोणी उडून आला असला, तरी आजची तपासणी आजच करावी लागते. कागदावरील यादी वाचून प्रत्येक गोष्ट पाहावयाची, पाठांतरावर विसंबावयाचे नाही, हा दंडक असतो.

दिशादर्शनात तर शाळेतील गणितच कामी येते. समजा, विमानाचा वेग ताशी १६० किलोमीटर आहे व २४० किलोमीटरवर जावयाचे आहे. शांत हवेत दीड तास लागेल. परंतु समोरून ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल, तर जमिनीवरील वेग १२० होईल व दोन तास लागतील. ताशी २५ लिटर इंधन जळत असेल, तर साडेसदतीसऐवजी पन्नास लिटर लागेल आणि शिवाय राखीव साठा हवा. त्रैराशिकातील चूक वहीवर लाल शाईने सुधारता येते. आकाशात ती सुधारण्यास जागा नसते. नकाशा, घड्याळ व खालची जमीन यांचा मेळ घालीत वैमानिक पुढे जातो. कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका, माथेरानचे पठार, प्रबळगड, खाडीचे वळण, लोहमार्गाचा फाटा या पनवेलकरांच्या रोजच्या ओळखीच्या खुणा असतात. जमीन पाहून उडणाऱ्याला अशाच खुणा वाट दाखवितात. ढग खाली उतरले आणि खुणा दिसेनाशा झाल्या, तर मागे फिरणे हाच शहाणपणा ठरतो. ‘आज उडावयाचे नाही’ असा निर्णय घेता येणे हे या शिक्षणाचे फार मोठे फळ होय.

मोठ्यांच्या गर्दीत लहानांची अडचण

मोठी हवाई वाहतूक वाढली, तसतसे महानगरांचे आकाश छोट्या विमानांना अपुरे पडू लागले. जुहू व सांताक्रूझ ही दोन विमानतळे इतकी जवळ, की मोठ्या विमानांच्या वैमानिकांचीही फसगत झाली. १९५३ साली एक कॉमेट जेट विमान व १९७२ साली एक जपानी जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले. जेथे प्रत्येक मिनिटाला मोठ्या विमानांचे नियोजन करावे लागते, तेथे नवशिक्या विद्यार्थ्याला घिरट्या घालण्यास अवकाश कोठून मिळणार? आज जुहू मुख्यतः हेलिकॉप्टरांचे ठिकाण झाले आहे आणि बॉम्बे फ्लाइंग क्लबचे उड्डाण-प्रशिक्षण धुळ्याच्या धावपट्टीवर चालते.

पनवेलच्या मुलाच्या दृष्टीने पाहिले, तर उड्डाणाची शाळा तीस किलोमीटरवरून तीनशेहून अधिक किलोमीटरवर गेली. घराजवळ आलेला मोठा विमानतळ ही शाळा परत आणू शकणार नाही, कारण त्याचे काम निराळे आहे. यात कोणाचा दोष नाही. तथापि, आपले विद्यार्थी कोठे शिकणार, याची सोय जाणीवपूर्वक करावी लागेल, हे त्यावरून दिसते. छोट्या विमानास पाचशे-सहाशे मीटरची सुस्थितीतील धावपट्टी पुरेशी होते. जिल्ह्याजिल्ह्यांतील ज्या धावपट्ट्या वर्षातून मोजक्या वेळा वापरल्या जातात, त्यांचे मोल या दृष्टीने पाहावयास हवे. अमेरिकेत सार्वजनिक वापराची सुमारे पाच हजार विमानतळे आहेत आणि त्यांतील बहुसंख्य अशीच लहान आहेत. तेथील वैमानिकांचा पुरवठा त्यांच्या जोरावर होतो.

धुळ्याच्या धावपट्टीने आणखी एक गोष्ट पाहिली आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवली येथे इमारतीच्या गच्चीवर अनेक वर्षे खपून सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ साली मुंबईतील औद्योगिक प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले, २०१७ साली त्याची नोंदणी झाली आणि २०२० साली त्याचे चाचणी-उड्डाण धुळे येथे झाले. धावपट्टी मोकळी व सुस्थितीत नसती, तर हे विमान गच्चीवरून खाली उतरूनही जमिनीवरच राहिले असते.

शिक्षक व पंचायतींचे कार्य

या कामात शिक्षकांचा वाटा पहिला आहे. खेड्यातील हुशार विद्यार्थ्याला डॉक्टर व इंजिनीअर होण्याची वाट माहीत असते. वैमानिक होण्यासाठी कोणते विषय घ्यावेत, हे मात्र कोणी सांगत नाही. अकरावीत गणित सोडल्यानंतर मुलाला ते समजते व तोवर एक वर्ष हातचे गेलेले असते. आठवी-नववीतच ही माहिती वर्गात गेली पाहिजे. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेतील छात्रांना मायक्रोलाइट विमानातून उड्डाणाचा अनुभव मिळतो. ज्यांना तासाचे भाडे परवडणार नाही, अशा मुलामुलींसाठी हे दार महत्त्वाचे आहे. मुलींना तर हे आवर्जून सांगावे. १९८५ साली इंडियन एअरलाइन्सच्या ज्या विमानात सर्व कर्मचारी महिला होत्या, त्या फॉकर विमानाच्या कॅप्टन सौदामिनी देशमुख होत्या.

पंचायतींचे काम अधिक जमिनीवरचे आहे. विमानतळाच्या दहा किलोमीटर परिसरात उघड्यावर कचरा टाकण्यास वा जनावरे सोलण्यास नियमांनी बंदी आहे, कारण त्यावर घारी व इतर पक्षी जमतात. मोठ्या जेटला पक्ष्याची धडक बसणे धोक्याचे आहेच. एका इंजिनाच्या छोट्या विमानाला तर दुसरे इंजिन नसते. पनवेल परिसरातील ग्रामपंचायतीची कचरा-व्यवस्था हा आता केवळ आरोग्याचा विषय राहिलेला नाही. लग्नसमारंभातील ड्रोनच्या बाबतीतही तेच. २०२१ च्या ड्रोन नियमांनी आकाशाचे हिरवे, पिवळे व लाल असे विभाग केले आहेत आणि आपले गाव कोणत्या विभागात येते, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलेले असावे. ज्या जिल्ह्यांत छोटी धावपट्टी आहे, तेथे तिच्यावर गुरे चरणार नाहीत, धान्य वाळत घातले जाणार नाही व कडेने अतिक्रमण होणार नाही, याची दक्षता घेणे हे त्या गावाचेच काम आहे. अधिकाऱ्यांनी अशा धावपट्टीकडे पडीक जमीन म्हणून न पाहता शाळेची इमारत म्हणून पाहावे.

सज्जनहो, या भागातील लोकांनी विमानतळासाठी जमीन दिली. जमिनीचा मोबदला कागदावर मोजता येतो. पण त्या गावातील एखादी मुलगी उद्या धुळ्याच्या धावपट्टीवर पेल्यातील इंधन प्रकाशात धरून तपासत असेल आणि काही वर्षांनी मोठे विमान घेऊन याच ३,७०० मीटरच्या धावपट्टीवर उतरत असेल, तर खालच्या कर्नाळ्याच्या सुळक्याची ओळख तिला नकाशावरून करून घ्यावी लागणार नाही. तो दिवस जवळ आणण्याचे काम नववीच्या वर्गात, ग्रामपंचायतीच्या सभेत आणि जिल्ह्याच्या धावपट्टीवर एकाच वेळी सुरू व्हावयास हवे.