विषाणूच्याच हातून



गर्ट्रूड एलियन यांची पीएच.डी. कधीच पूर्ण झाली नाही. तरीही १९८८ च्या नोबेल पारितोषिकाच्या त्या मानकरी ठरल्या. बरोज वेलकम कंपनीत त्या १९४४ मध्ये दाखल झाल्या. पुढे तेथेच त्यांच्या गटाने अ‍ॅसायक्लोव्हिरचे कार्य उलगडले. ग्वानोसिनसारखा भासणारा, परंतु शर्करेचे वलय नसलेला हा रेणू निरोगी पेशीत जवळजवळ निष्क्रिय असतो. हर्पिस विषाणूचे स्वतःचेच विकर त्याला पहिला फॉस्फेट जोडते, आणि अखेर विषाणूच्याच डीएनएची साखळी खुंटते. केवढी ही चतुराई!

हर्पिसजन्य मेंदूज्वरात उपचाराविना सुमारे ७० टक्के रुग्ण दगावतात. म्हणून संशय येताच, अहवालाची वाट न पाहता, मूत्रपिंडाकडे लक्ष ठेवून, हे औषध शिरेतून सुरू करावे, असा माझा आग्रह असतो.