ढाल कोणाला द्यावी?
(वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. भाषणाची मला सवय नाही. परंतु स्पर्धांच्या गुणांचा तक्ता ठेवण्याचे काम मंडळाने माझ्याकडे सोपविले आहे, म्हणून त्याविषयी चार शब्द बोलते.

प्रत्येक स्पर्धेचा पहिला नंबर काढणे सोपे. अवघड आहे ते सर्व स्पर्धा मिळून फिरती ढाल कोणाला द्यावी, हे ठरविणे. एका मंडळात सगळ्या आकड्यांची सरसकट बेरीज केली. दोन स्पर्धांत पहिली आलेली बाई रिकाम्या हाताने घरी गेली, आणि पुढच्या वर्षी तिने नावच दिले नाही.

असे का होते ते पाहा. तीन भगिनी घ्या. पहिलीला रांगोळीत ८०, पाककृतीत ८० गुण आणि दोरीच्या ६० उड्या. दुसरीचे ७०, ७१ आणि १०० उड्या. तिसरीचे ७५, ७४ आणि ६५ उड्या. बेरजा होतात २२०, २४१ आणि २१४. ढाल दुसरीला! रांगोळीत आणि पाककृतीत ती शेवटची, तरीही. कारण परीक्षक गुण देताना हात आखडून देतात. तेथे फरक नऊ-दहांचा. उड्यांत फरक चाळीसचा. ज्या स्पर्धेत तफावत मोठी, तीच निकाल लावते; बाकीच्या नावापुरत्या उरतात.

यावर साधा उपाय म्हणजे आकडे न मिळविता क्रमांक मिळवावेत. पहिलीचे १, १, ३ म्हणजे ५. दुसरीचे ३, ३, १ म्हणजे ७. तिसरीचे २, २, २ म्हणजे ६. ज्या भगिनीची बेरीज सर्वांत कमी, तिला ढाल.

यातही उणे आहे. एका उडीने जिंकले काय आणि चाळीसांनी जिंकले काय, क्रमांक तोच. म्हणून मोठ्या मैदानांवर प्रत्येक कामगिरीचे ठरलेल्या सूत्राने गुण करतात. २०१८ साली जकार्ता येथील आशियाई खेळांत स्वप्ना बर्मन हिने सात क्रीडाप्रकारांच्या हेप्टॅथलॉनमध्ये ६०२६ गुण मिळवून सुवर्णपदक जिंकले, ते अशाच हिशेबाने. आपल्या रांगोळीला असे सूत्र कोठले? आपल्याला क्रमांकच बरे.

संगणकावरच्या एक्सेलच्या तक्त्यात ‘रँक’ हे सूत्र क्रमांक आपोआप लावते. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. लिंबू-चमच्यात कमी वेळ घेणारी पहिली, म्हणून तेथे क्रम उलटा सांगावा लागतो. आणि दोघी दुसऱ्या क्रमांकावर बरोबरीत आल्या, तर दुसरा व तिसरा मिळून दोघींना अडीच-अडीच द्यावेत. त्यासाठी ‘रँक डॉट एव्हीजी’ हे सूत्र आहे. पुढचीला चौथा. गैरहजर भगिनीला त्या स्पर्धेत शेवटच्या क्रमांकाच्या पुढचा क्रमांक द्यावा, रिकामी जागा ठेवू नये. नाहीतर न येणारीच कमी बेरजेने जिंकेल! अखेरची बेरीज सारखी आली, तर जिचे पहिले नंबर जास्त तिला मान द्यावा.

शेवटी एकच विनंती. हे नियम स्पर्धेच्या आधी फळ्यावर लागावेत. नावे कळल्यावर केलेला नियम कितीही चांगला असो, त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. ढाल एकीच्याच घरी जाणार; पण उरलेल्या साऱ्याजणींना तक्ता पाहून निकाल पटला, तर पुढच्या वर्षी त्या पुन्हा नावे देतील. मंडळ चालते ते त्यांच्यावरच.