वडिलांचा आंकडा, मुलाची पाठ

सोनाराचा मुलगा फुंकणी हातीं घेतो, वैद्याचा मुलगा खलबत्ता पुढें ओढतो आणि कीर्तनकाराच्या मुलाला मिसरूड फुटण्यापूर्वींच आख्यानें पाठ झालेलीं असतात. धंदा बापाकडून मुलाकडे यावा ही जगाची जुनी रीत आहे, आणि "खाण तशी माती" ही म्हण त्याच रीतींतून निघाली आहे. खेळाच्या मैदानावर मात्र या रीतीला थारा नसावा असें सर्वसाधारण मत आहे. चेंडू कोणाचें गोत्र विचारीत नाहीं. ज्याचें अंग चपळ आणि मन खंबीर, त्यानें खेळावें. तो कोणाचा कोण हें पाहण्याचें कारण नाहीं. असें असूनहि ऑस्ट्रेलियांतील एका खेळांत, अमक्या खेळाडूचा मुलगा एवढ्याच नात्यानें तरुणाला वडिलांच्या संघाचें दार उघडून देणारा एक लेखी नियम १९४९ सालापासून चालत आला आहे. हा नियम कां झाला, आणि वडिलांचें नांव मुलाला तारतें कीं त्याच्या मानेवर बसतें, हा प्रश्न त्या देशापुरताच नाहीं.

प्रथम त्या खेळाची थोडी ओळख हवी. मेलबर्न शहरांतील क्रिकेट खेळणाऱ्या मंडळींना हिवाळ्यांत अंग मोकळें ठेवण्यासाठीं कांहीं व्यायाम पाहिजे होता. त्यांतून १८५९ सालीं या खेळाचे पहिले नियम कागदावर उतरले. लंबवर्तुळाकार मैदान, अंड्याच्या आकाराचा चेंडू, प्रत्येक बाजूस अठरा गडी आणि दोन्ही टोकांस चार-चार उंच खांब, असा हा खेळ आहे. मधल्या दोन खांबांमधून पायानें चेंडू मारला तर सहा गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर एक. चेंडू हातांत घेऊन धांवतां येतें, परंतु तो फेंकतां येत नाहीं. एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनें सोबत्याकडे ठोसावा लागतो. यालाच ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल म्हणतात. १८९७ सालीं आठ संघांची व्हिक्टोरियन फुटबॉल लीग सुरू झाली व १९९० सालीं तिचेंच नांव ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग झालें. तिचा वार्षिक अंतिम सामना बहुतेक मेलबर्नच्या क्रिकेट मैदानावर होतो. १९८१ च्या फेब्रुवारींत सुनील गावसकरांच्या भारतीय संघानें ऑस्ट्रेलियाला ज्या मैदानावर हरविलें, तेंच हें मैदान. उन्हाळ्यांत तेथें क्रिकेट चालतें आणि हिवाळ्यांत हा खेळ.

खेळाडूंची वांटणी न्यायानें व्हावी म्हणून या लीगनें प्रथमपासून काळजी घेतली. एके काळीं शहराचे भाग पाडून ते संघांना नेमून दिलेले होते. ज्या भागांत मुलाचें घर, त्या भागाच्या संघांत त्यानें जावयाचें. पुढें १९८६ सालापासून तरुणांची वार्षिक निवड सुरू झाली. तिला ड्राफ्ट म्हणतात, आणि तींत साधारणतः जो संघ तळाला राहिला त्याला प्रथम निवडीचा मान मिळतो. दोन्ही पद्धतींचा हेतु एकच, कीं धनवान व बलवान संघानें सारे चांगले गडी गिळूं नयेत. या व्यवस्थेला पिता-पुत्राचा नियम हा अपवाद आहे. ज्याच्या वडिलांनीं एखाद्या संघाकडून ठराविक सामने खेळलेले आहेत, त्या मुलावर त्या संघाचा पहिला हक्क, असें त्याचें सार.

या नियमाशीं ज्याचें नांव कायमचें जोडलें गेलें आहे तो खेळाडू म्हणजे रॉन बरासी. त्याच्या वडिलांचें नांवहि रॉन बरासीच होतें. थोरले बरासी मेलबर्न संघाकडून ३१ हा आंकडा पाठीवर लावून खेळत. १९४० सालीं अजिंक्यपद मिळविणाऱ्या संघांत ते होते. त्यानंतर ते युद्धावर गेले आणि ३१ जुलै १९४१ रोजीं उत्तर आफ्रिकेंतील टोब्रुक येथें मारले गेले. त्या वेळीं त्यांचा मुलगा पांच वर्षांचा होता.

हा मुलगा पुढें चांगला खेळूं लागला. पण त्याचें घर ज्या भागांत होतें, त्या भागावर हक्क दुसऱ्यांचा. वडिलांच्या संघाला त्याला बोलावण्याची सोय नव्हती. ती सोय नव्या नियमानें झाली, आणि त्याचा लाभ घेणाऱ्या पहिल्या थोड्या तरुणांत धाकटा बरासी होता. दरम्यान त्याची आई पुनर्विवाह करून टास्मानियास गेली. तेव्हां नॉर्म स्मिथ या गृहस्थांनीं त्याला आपल्या घरामागच्या लहानशा बिऱ्हाडांत ठेवून घेतलें. स्मिथ हे थोरल्या बरासींचे संघसोबती आणि १९५२ पासून मेलबर्न संघाचे शिक्षक. त्यांच्या करड्या शिस्तींत हा मुलगा वाढला. १९५३ सालीं वयाच्या सतराव्या वर्षीं तो मैदानांत उतरला, तो वडिलांचाच ३१ हा आंकडा पाठीवर घेऊन. १९५५, १९५६, १९५७, १९५९, १९६० आणि १९६४ अशीं सहा अजिंक्यपदें त्या संघानें मिळविलीं. सहाहि वेळां स्मिथ शिक्षक होते आणि बरासी मैदानावर होता.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. नियम पिता-पुत्राचा, पण त्या नियमाच्या सर्वांत नामांकित पुत्राला पिता आठवण्यापुरताहि लाभला नव्हता. रक्ताच्या बापानें त्याला नांव दिलें आणि आंकडा दिला. खेळ शिकविला, चुकला तेथें रागें भरलें आणि रात्रीं जेवावयास वाढलें तें दुसऱ्यानेंच. वारसा म्हणून जो म्हणतात तो केवळ रक्तांतून येतो अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनीं या घराकडे पाहावें.

ज्याचे वडील हयात आहेत, आणि नुसते हयात नव्हे तर सर्व देशाच्या तोंडीं आहेत, त्या मुलाची स्थिति निराळी असते. जीलाँग संघाचे गॅरी ॲब्लेट हे त्याचें उदाहरण. प्रेक्षक त्यांना चक्क 'देव' म्हणत. त्यांच्या नांवावर एक हजारावर गोल आहेत. १९८९ च्या अंतिम सामन्यांत त्यांनीं एकट्यानें नऊ गोल केले, तरी त्यांचा संघ सहा गुणांनीं हरला. त्यांच्या कारकीर्दींत जीलाँग चार वेळां अंतिम सामन्यांत पोंचला व चारहि वेळां पराभूत झाला. 'देवा'च्या हातीं अजिंक्यपद कधींच आलें नाहीं.

देवाच्या घरीं जन्म घेणें सोपें नसतें. थोरला मुलगा, तोहि गॅरीच, २००१ सालीं याच नियमानें वडिलांच्या संघांत आला. अंगानें तो वडिलांहून लहान. त्यांच्यासारख्या उंच उड्या मारून चेंडू झेलणें हा त्याचा खेळ नव्हता. त्यानें वडिलांची नक्कल करण्याचें सोडून मैदानाच्या मध्यभागीं आपला निराळा खेळ उभा केला. २००७ सालीं जीलाँगनें ४४ वर्षांनंतर अजिंक्यपद मिळविलें, तें ११९ गुणांच्या विक्रमी फरकानें. त्या संघांत गॅरी होता व त्याचा धाकटा भाऊ नेथनहि होता. २००९ आणि २०१३ या दोन वर्षीं लीगमधील सर्वोत्तम खेळाडूचें ब्राउनलो पदक गॅरीला मिळालें. "बापसे बेटा सवाई" म्हणावें असेंच हें चरित्र.

परंतु त्याच घरांत दुसरा मुलगाहि होता. नेथनला या मोठ्या मैदानाची मुळांतच ओढ नव्हती. तो आला तोच नाखुशीनें. २००७ च्या अंतिम सामन्यांत त्यानें तीन गोल केले आणि पुढच्या वर्षाच्या आरंभीं, वयाच्या बावीसाव्या वर्षीं, त्यानें खेळ सोडून दिला. पुढें २०११ सालीं तो भावाच्या नव्या संघाकडून दोन सामने खेळला, इतकेंच. लोक हळहळले. पण ज्या ओझ्याखालीं एक भाऊ ताठ उभा राहिला, तेंच दुसऱ्यानें खालीं ठेवलें, यांत दोष कोणाचा? एकाच घरांतलीं दोन मुलें सारखीं नसतात, हें प्रत्येक आईला ठाऊक असतें. प्रेक्षकांनाच काय तें ठाऊक नसतें.

या नियमावर अन्यायाचा आक्षेप पुष्कळ वेळां आला, आणि तो अगदींच निराधार नाहीं. २००६ सालीं जीलाँगचे जुने खेळाडू जॅक हॉकिन्स यांचा मुलगा टॉम त्या संघाला ४१ व्या क्रमांकावर मिळाला. हा मुलगा निवडीच्या अगदीं आरंभींच कोणीतरी उचलला असता, असें जाणत्यांचें मत होतें. उत्तम माल इतका स्वस्त मिळाल्यावर ओरड होणारच. दुसऱ्या वर्षापासून नियम बदलला. आतां दुसऱ्या संघानें त्या मुलाची जी किंमत लावली असेल, तिच्या जवळपास किंमत वडिलांच्या संघालाहि मोजावी लागते. वडिलांनीं त्या संघाकडून किमान १०० सामने खेळलेले असावे लागतात. शिवाय २०११ व २०१२ सालीं जे दोन नवे संघ लीगमध्यें आले, त्यांच्यापाशीं बोलावण्याजोगे वडीलच नव्हते. त्यांना या नियमाचा उपयोग काय, हाहि प्रश्न उरतोच.

तरीहि नियमांत एक शहाणपणाची गोष्ट आहे. मुलाच्या संमतीवांचून तो लागू होत नाहीं. जॉन मर्फी हे फिट्झरॉय संघाचे नामांकित खेळाडू. तो संघ १९९६ सालीं ब्रिस्बेनच्या संघांत विलीन झाला, म्हणून त्यांच्या मुलावर हक्क ब्रिस्बेनचा. मुलगा मार्क यानें तो नाकारला. तो सर्वांबरोबर रांगेंत उभा राहिला, २००५ च्या निवडींत पहिल्या क्रमांकानें कार्लटन संघांत गेला आणि तेथें पुढें कर्णधार झाला. उघड्या दाराला पाठ देण्याचें स्वातंत्र्य असेल, तरच त्या दारांतून जाण्याला अर्थ राहतो.

कांहीं घरीं हा वारसा वडिलांचें अपुरें राहिलेलें पुरें करतो. टॉड व्हायनी यांनीं मेलबर्नसाठीं दोनशेंवर सामने खेळले, पण अजिंक्यपद पाहिलें नाहीं. मुलगा जॅक याला तें २०२१ सालीं मिळालें. टोनी लिबरेटोरे यांना १९९० चें ब्राउनलो पदक मिळालें, अजिंक्यपद मात्र नाहीं; तें त्यांचा मुलगा टॉम २०१६ सालीं घरीं घेऊन आला. उलटेंहि घडतें. रिचमंडचे ॲलन रिचर्डसन १९६७ च्या विजयी संघांत होते. त्यांचा मुलगा मॅथ्यू त्याच संघासाठीं ८०० गोल करूनहि रिकाम्या हातानें निवृत्त झाला. कॉलिंगवुडचे पीटर डेकॉस यांचे जॉश व निक हे दोघेहि मुलगे २०२३ च्या विजयांत होते, आणि निकच्या पाठीवर वडिलांचाच ३५ हा आंकडा होता. स्त्रियांची लीग २०१७ सालीं सुरू झाल्यावर मुलींनाहि हा हक्क मिळाला; कार्लटनच्या अँड्र्यू मॅके यांची कन्या ॲबी ही २०१८ सालीं या नात्यानें निवडलेली पहिली मुलगी.

आतां पुन्हां बरासीकडे वळलें पाहिजे, कारण त्याची गोष्ट सहा विजयांपाशीं संपत नाहीं. १९६४ चें अजिंक्यपद कर्णधार म्हणून जिंकल्यावर त्यानें मेलबर्न संघ सोडला आणि कार्लटनचें नेतृत्व व शिक्षकपद पत्करलें. ज्याला बोलावण्यासाठीं नियम वांकविला असें लोक म्हणत, तोच वडिलांचा संघ सोडून चालला! मेलबर्नच्या चाहत्यांना हा घाव फार लागला. त्यानंतरच्या वर्षीं त्या संघानें स्मिथ यांनाहि काढून टाकलें, थोड्याच दिवसांत परत बोलावलें, पण मोडलेलें मन सांधलें नाहीं. बरासीनें शिक्षक म्हणून कार्लटनला १९६८ व १९७० सालीं आणि नॉर्थ मेलबर्नला १९७५ व १९७७ सालीं अजिंक्यपद मिळवून दिलें. मेलबर्नला मात्र १९६४ नंतर ५७ वर्षें थांबावें लागलें.

बरासी कार्लटनला गेला तेव्हां त्यानें पाठीवर आंकडा कोणता घेतला? ३१ च. संघ बदलला, टोब्रुकला पडलेल्या माणसाचा आंकडा त्यानें बदलला नाहीं. वडिलांचें जें खरोखर आपलें होतें तें त्यानें बरोबर नेलें, आणि जें नुसतें वडिलांचें होतें तें मागें ठेवलें. २०२१ सालीं मेलबर्न पुन्हां विजयी झाला, तेव्हां सहा गोल करणाऱ्या बेली फ्रिश याच्या पाठीवरहि ३१ हाच आंकडा होता. तो कोणा बरासीचा मुलगा नव्हे. तो विजय पाहून दोन वर्षांनीं, सप्टेंबर २०२३ मध्यें, रॉन बरासी वयाच्या ८७ व्या वर्षीं वारले.

अंतिम सामन्यांतील सर्वोत्तम खेळाडूला १९७९ पासून एक पदक देतात. त्याला नॉर्म स्मिथ यांचें नांव आहे. हरलेल्या सामन्यांत नऊ गोल करणाऱ्या थोरल्या ॲब्लेटांना तेंच मिळालें होतें. २०२४ व २०२५ अशीं लागोपाठ दोन वर्षें तें विल ॲशक्रॉफ्ट या ब्रिस्बेनच्या तरुणानें मिळविलें. त्याचे वडील मार्कस यांनीं ब्रिस्बेनसाठीं २००१ ते २००३ या तीनहि वर्षीं अजिंक्यपद जिंकलें होतें. विल पिता-पुत्राच्या नियमानेंच संघांत आला. वडिलांनीं उघडलेल्या दारानें आलेल्या मुलाच्या गळ्यांत, दुसऱ्याच्या पोरक्या मुलाला घरांत घेणाऱ्या माणसाच्या नांवाचें पदक पडलें.

नियम दार उघडूं शकतो. त्याहून अधिक कांहीं तो करूं शकत नाहीं. आंत गेल्यावर मुलाला शिकवणारा, चुकल्यास सांगणारा आणि नको म्हणाल्यास सोडून देणारा कोणी तरी लागतो. तो जन्मदाता असला तर उत्तमच. नसला, तर ती जागा घेण्यास नात्याची अट नाहीं.